केसपेपर उघडा

मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव
आणि श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळे



१९९४च्या वासनाकांडाचं नाव काढलं की जळगावात आजही विषय बदलतो. अत्याचार झालेल्या मुलींपैकी तक्रार द्यायला पुढे आल्या त्या थोड्याच. जळगावची मुलगी म्हटलं की स्थळं बिचकायची, मग बोलणार कोण? पोलीस, वकील, पत्रकार भरपूर बोलले. त्या मुलींच्या तब्येतीचं पुढे काय झालं, यावर फारसं कुणी नाही.

अत्याचारानंतरच्या तब्येतीचा प्रश्न स्त्रीवादी संशोधकांनी लावून धरला. मुंबईच्या 'सेहत' या संशोधन संस्थेने महापालिकेसोबत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र उभं केलं, पुढे बलात्काराच्या तपासणीची पद्धतच तपासायला घेतली. अंगावर जखम नाही म्हणजे संमती होती, असा अर्थ काढू नये, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या सूचनांत आलं. दोन बोटांची चाचणी त्यातच बंद झाली; तरी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा खडसावावं लागलं.

आता आपल्याकडचं बघा. शिरपूरच्या वरच्या अंगाला सातपुड्यातल्या पाड्यावरची पावरा आदिवासी मुलगी समजा, तिच्यावर बलात्कार झालाय. आधी घरात दाबादाबी, मग पंच बसले, दोन दिवस त्यातच गेले. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. खिडकीवर कुणी 'पोलिसांचं पत्र आणा' म्हटलं, तर उरलेला दिवसही गेला. खरं तर पत्र लागतच नाही. उपचार मोफत द्यायचे, नाकारले तर गुन्हा, आणि हे खासगी दवाखान्यालाही लागू. शिवाय ती बोलणार पावरी, डॉक्टर मराठी. मध्ये दुभाषा बहुधा सोबत आलेला चुलता! त्याच्यादेखत ती काय सांगणार?

तुमचे पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत असतात. मधुमेहाचे सर्व्हे झाले तेवढे पुरे. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, नावं झाकून, गेल्या पाच वर्षांतले बलात्काराच्या तपासणीचे केसपेपर त्यांना उघडू द्या. बाई किती तासांनी पोचली? गर्भ राहू नये म्हणून गोळी दिली का? पुन्हा तपासायला बोलावलं, ती आली का? तिची भाषा बोलणारी सिस्टर ड्यूटीवर होती का? हे काम एकट्या फॉरेन्सिक विभागावर टाकू नका. स्त्रीरोग, मानसोपचार आणि नर्सिंगची माणसं त्यात हवीत. 'नसती उठाठेव' म्हणणारे विभागप्रमुख भेटतीलच. निष्कर्ष लाजिरवाणे निघाले तरी छापा, आणि त्याची एक प्रत दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला पाठवा.

कळावे,
खानदेशातली एक कार्यकर्ती