‘गिफ’ की ‘जिफ’?

परवा रविवारी पंगत बसली असता आमच्या घरी तीन रोमन अक्षरांवरून मोठी खडाजंगी झाली. मोबाइलच्या पडद्यावर जे हलते चित्र पुनःपुन्हा फिरत राहते, त्याला ‘गिफ’ म्हणावे की ‘जिफ’, हा तो वाद. पहिले अक्षर ‘ग्राफिक्स’ ह्या शब्दाचे, तेव्हा ‘गिफ’च शुद्ध, असा धाकट्या पुतण्याचा पक्ष. कन्येने उलट प्रमाण काढले : १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह ह्या अमेरिकन कंपनीत ही चित्रपद्धती ज्यांनी सिद्ध केली, त्या स्टीव्ह विल्हाइट ह्यांनीच २०१३ साली वेबी पुरस्कार स्वीकारताना ‘जिफ’ असा निवाडा दिला होता. तरीही लोकांनी तो मानला नाही. इंग्रजी कोशांत आज दोन्ही उच्चार आढळतात.

न्यायनिवाडा आमच्याकडे आला. आम्ही म्हणालो, हा तंटा नाशिककरांनी करावा हे नवलच! पांडवलेण्यांतील प्राचीन प्राकृत लेखात ‘नासिक’ हेच नाव आहे. पुढे मराठी जिभेने ‘सीमे’ची ‘शीव’ केली, ‘सीवना’चे ‘शिवण’ केले, आणि त्याच वळणाने ‘नासिक’चे ‘नाशिक’ झाले. हिंदी बोलणारा यात्रेकरू आजही ‘नासिक’च म्हणतो, म्हणून त्याची रामकुंडाची वाट चुकते काय? शब्द घडविणारा त्याचा जन्मदाता खरा. परंतु शब्द नांदतो तो बोलणाऱ्यांच्या घरी.

निवाडा देऊन आम्ही प्रसन्न झालो, तोच थोरल्या वहिनी न बोलता पानावरून उठून गेल्या. मग आठवले. नातवंडांकडून शिकून त्या रोज पहाटे गणपतीचे हलते चित्र सर्वांना पाठवीत. एकदा त्याला ‘गीप’ म्हणाल्या, मुले खदखदून हसली, आणि त्या दिवसापासून चित्र येणे थांबले. आमच्या कोणाच्याही ते ध्यानी आले नव्हते.

शुद्ध उच्चाराचा अभिमान आपल्या घरांतून पूर्वापार चालत आला आहे, आणि तो वाईट नव्हे. परंतु ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्यास आपण किती पिढ्या हसलो, आणि त्यामुळे किती जणांनी आपल्यापुढे तोंड उघडणेच सोडले, ह्याचा हिशेब कोणी मांडला आहे? उच्चार सुधारता येतो; मिटलेले तोंड उघडणे कठीण.

सायंकाळी कन्या वहिनींजवळ जाऊन म्हणाली, “काकू, तुमच्या गणपतीवाचून सकाळ सुनी वाटते.” वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र गणपती आला.