घरातले कासव : शौक आणि अमानत

सुट्टीत चिखलीहून छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला नातेवाइकांकडे गेलेली मुले परतताना हल्ली हट्टाने एक जीव घेऊन येतात. तळहातावर मावेल एवढे हिरवे कासव, डोळ्यांमागे लाल पट्टा. दुकानदार सांगतो, "काही खर्च नाही, बरणीत ठेवा, चिमूटभर खाणे टाका." मग घरच्या अम्मीपुढे प्रश्न उभा राहतो की याला ठेवायचे कुठे? वाचक भगिनींनी हाच प्रश्न विचारला आहे, म्हणून या वेळी त्याबद्दल लिहीत आहोत.

आधी कासव कोणते, ते पाहावे. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले जमिनीवरचे तारा कासव आपल्या देशातले आहे आणि ते घरात पाळणे हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आले. शिक्षा किमान तीन ते सात वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड अशी आहे. 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. नदी-नाल्यातले मऊ पाठीचे कासव आणून विहिरीत सोडण्याची आपल्याकडची जुनी रीतही याच कायद्यात सापडते. असे कासव घरात असेल, तर त्याच्यासाठी घर बांधू नये. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करून ते सोपवावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कासव घरात आले की बरकत येते, वीस नखांचे कासव पैशांचा पाऊस पाडते, असल्या बोलण्याला आपल्यातलेही काही लोक भुलतात. रिज्क देणारा अल्लाह आहे, कासवाची नखे नव्हेत. या वहमापायी हजारो मुके जीव पिशव्यांत कोंबून विकले जातात.

लाल पट्ट्याचे कासव मूळचे अमेरिकेतले, पाण्यात राहणारे. आपल्या देशी कासवांवरची बंदी त्याला लागू नाही. तरी परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम बदलत असतात, म्हणून आधी वनविभागाकडे विचारणा करावी. आमचा सल्ला विचाराल, तर नवीन आणूच नये. पण जे घरात आले आहे, त्याचा हक्क आता आपल्यावर आहे.

दीन याबाबत काय सांगतो? हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याजवळ एक लहान पाखरू होते. प्रेषित मुहम्मद (स.) त्या मुलाची त्या पाखराबद्दल प्रेमाने विचारपूस करीत. यावरून उलमांनी पाखरू पाळणे जायज ठरवले, मात्र त्याला त्रास होता कामा नये ही अट घालून. दुसरीकडे, मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तिने मांजरीला खाऊही घातले नाही आणि स्वतःचे खाणे शोधायला सोडलेही नाही, म्हणून ती अजाबास पात्र ठरली. बरणीतले कासवही तसेच कोंडलेले असते. ते म्याव करीत नाही, एवढाच फरक. पाठीचे कवच मऊ पडून वाकडे होईपर्यंत घरात कुणाला कळतही नाही.

कवच मऊ का पडते? उन्हातल्या अतिनील किरणांनी कासवाच्या अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे खाण्यातला चुना हाडांना लागतो. हे किरण काचेतून आत येत नाहीत. म्हणजे खिडकीच्या काचेआड ठेवलेल्या कासवाला उजेड मिळतो, पण ऊन मिळत नाही.

आता घर कसे करावे ते पाहू. हे कासव वाढून वीत-सव्वा वीत होते आणि वीस-तीस वर्षे जगते. मोठ्या कासवासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच हौद किंवा टाकी लागते. त्यात दीड फूट पाणी भरले, की ते सुमारे 340 लिटर होते, म्हणजे 340 किलो वजन. म्हणून टाकी टेबलावर नको, तळमजल्याच्या फरशीवरच ठेवावी. विटा-सिमेंटचा हौद बांधला, तर काही आठवडे पाणी भरून, ओतून, पुन्हा भरून सिमेंटचा खार काढावा, मगच कासव सोडावे.

एका कोपऱ्यात पाण्यातून वर चढता येईल असा खडबडीत फरशीचा उतार करावा. वर अंग पूर्ण कोरडे होईल एवढी जागा हवी. त्या जागेवर यूव्हीबीचा दिवा आणि उष्णता देणारा साधा बल्ब लावावा. तिथे 32 ते 35 अंश आणि पाण्यात 24 ते 27 अंश तापमान ठीक. दिवा सकाळी लावून संध्याकाळी बंद करावा. तो जळत असला तरी त्यातले किरण कमी होत जातात, म्हणून सहा महिने ते वर्षभराने बदलावा. चिखलीत वीज गेली, तर सकाळचे कोवळे ऊन जाळीच्या खिडकीतून थेट मिळू द्यावे. उन्हाळ्यात मात्र पाण्याचा टब भर उन्हात ठेवला, तर त्यातले कासव तासाभरात मरू शकते. अर्धी सावली हवीच. हिवाळ्याच्या रात्री पाणी गार पडते, तेव्हा मत्स्यटाकीचा हीटर जाळीत बसवावा. वर तारेचे झाकण असावे, मांजरीपासून राखण होते.

खाण्यात भात, पाव, बिस्किट नको. कासवाचे तयार खाणे, सॅलडची पाने, भोपळ्याचा व गाजराचा कीस द्यावा. लहान कासवाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. चुन्यासाठी काष्टौषधीच्या दुकानातला समुद्रफेस पाण्यात टाकून ठेवावा.

लहान मुलांच्या घरात एक सावधगिरी फार गरजेची. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे मुलांना आजार होत, म्हणून अमेरिकेने 1975 साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हात लावल्यावर साबणाने धुवावेत. टाकीचे पाणी स्वयंपाकघरात किंवा वुजूच्या जागी ओतू नये. आपल्या भागात पाणी मोलाचे आहे, तेव्हा ते फुलझाडांना घालावे, कोथिंबीर-मेथीच्या वाफ्याला नको.

हे सगळे जमणार नसेल, तर कासव पेनटाकळी धरणात किंवा गावच्या विहिरीत सोडणे हा सवाब नव्हे. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. ते आपल्या देशी कासवांचे खाणे आणि ऊन खाण्याची जागा बळकावते. त्याची नीट व्यवस्था करू शकणाऱ्या माणसाकडे सोपवावे किंवा वनविभागाला विचारावे.

मुलाने हट्ट धरला, तर दुकानात जाण्यापूर्वी त्याला घरातली चार फूट जागा मोजायला लावा. वीस वर्षांनी तो कुठे असेल आणि पाणी कोण बदलेल, हेही विचारा. हिशेब जमला नाही, तर अंगणात पाखरांसाठी पाण्याचे भांडे ठेवायला त्याला सांगा. एप्रिल-मेच्या उन्हात तेवढ्यानेही कुणा मख्लुकाची तहान भागेल.