दगडावर कुणाचं नाव?



मूर्तिजापूरला गाडी धरा, बडनेऱ्याला उतरा, तिथून अमरावती. अंबादेवीच्या देवळापाशी कुणालाही विचारा, काहून एवढं मोठं हे देऊळ? पानवाला सांगेल, रिक्षावाला सांगेल. रुक्मिणी लग्नाआधी इथं पूजेला आली आणि कृष्णानं तिला इथूनच पळवली. पुरावा मागू नका. इथून थेट कौंडण्यपूरपर्यंत भुयार होतं म्हणतात, तेही गुमान ऐकून घ्या.

आता दुसरा प्रश्न टाका. १३ नोव्हेंबर १९२७ ला याच गावात काय झालं?

तोंडं बंद!

त्या दिवशी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली होती. चवदार तळ्याला आठ महिने होत आले होते. इथला सवाल याच अंबादेवीच्या दाराचा होता. सत्याग्रहाचा निर्धार झाला, मग मुदत देऊन तो पुढं ढकलला गेला. त्याच परिषदेत बाबासाहेबांना थोरला भाऊ बाळाराम गेल्याची बातमी कळली. माणूस दुःख गिळून आपल्या लोकांसाठी उभा राहिला. याला तारीख आहे, जागा आहे, साक्षीदार होते. आणि पाठ कुणाची? रुक्मिणीची!

त्यातही गंमत बघा. वर्धेकाठचं कौंडण्यपूर हे तिचं माहेर, असं आपण ऐकत आलो. तिकडं अरुणाचलात भीष्मकनगर हे तिचं माहेर. २०१८ साली गुजरातेत माधवपूरच्या मेळ्यात सरकारनं त्या नात्याचा सोहळा केला. एका पोरीला दोन माहेरं, आणि दोन्हीकडं छाती फुगलेली.

कथेशी आमचं भांडण नाही. कीर्तनात ती खुशाल रंगू द्या. पण कथा दगडावर चढली की तिचा सातबारा होतो. मग ती जागा सांगते, मालकी सांगते, कोण आत आणि कोण बाहेर ते सांगते. नाटकातलं वाक्यसुद्धा असंच दगड बनतं. रायगडावर शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. शिवकाळातल्या कागदात या कुत्र्याचा पत्ता नाही. गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' नाटकानं तो घरोघर नेला आणि पुढं त्याला चौथरा मिळाला. २०१२ साली पुतळा काढला, लगेच पुन्हा बसवला. २०२५ साली तो हटवण्याची मागणी पुन्हा झाली. नसलेल्या कुत्र्याला दगड मिळतो. गडाचे चिरे घडवणारा पाथरवट, ते वर चढवणारा हमाल, वेशीवर रात्र काढणारा महार यांच्या नावाचा दगड कुठं आहे?

इथपर्यंत टाळ्या वाजवाल. आता आपल्याच घरात या.

भीमा कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या फुशारकीसाठी उभारला. पण त्यावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ही नावं खरी आहेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले, ते या खरेपणापुढं. आणि आपण काय करतो? पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार कापले, असं माईकवरून ओरडतो. अरे, ते अठ्ठावीस हजार सगळे लढाईत उतरलेच नव्हते. कंपनीच्या फौजेत महारांबरोबर इतर जातीधर्मांचे शिपाईही होते. २२ नावं कमी पडतात का? आकडा फुगवला की समोरचा तेवढा आकडा खोडतो आणि त्याच्यासकट २२ माणसंही खोडून टाकतो. हे हत्यार त्याच्या हातात आपणच देतो.

खोट्याला खोट्यानं मारता येत नाही, पोरहो. खोटं पाळायची त्यांची हजारो वर्षांची सवय आहे. त्या कुस्तीत आपण हरणार. आपलं बळ एकच : आपण जे सांगतो ते घडलेलं आहे.

म्हणून काम सांगतो. मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर रुळावरचं स्टेशन. ऑक्टोबर १९५६ मध्ये याच रुळावरून माणसं नागपूरला गेली, बुद्ध घेऊन परतली. तेव्हा मायच्या कडेवर बसून गेलेली पोरं आज सत्तरीत आहेत. बोट धरून चालत गेलेली ऐंशीत. त्यांच्याकडं जा. कोण गेलं, भाकर कुणी बांधून दिली, परत आल्यावर देवांचं काय केलं, गावानं काय त्रास दिला, सगळं लिहा. नाव लिहा, वस्ती लिहा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' असंच लिहा. पदरचं घालू नका.

याच तालुक्यातल्या दापुऱ्यात गाडगेबाबा वाढले. जन्मभर झाडू हातात धरून चमत्कारवाल्यांची टर उडवली त्यांनी. आज ना उद्या त्यांच्याही नावावर कुणी चमत्कार कोरेल. तेव्हा पुरावा घेऊन उभं राहणारं पोरगं आपल्या वस्तीतलं पाहिजे.

म्हातारी माणसं रोज एकेक जातायत. त्यांच्याबरोबर आपला दगडही जातोय. उद्या रिकाम्या जागी त्यांनी खोटी पाटी ठोकली, तर शिवी त्यांना नंतर द्या. पहिली आपल्याला द्या.

वही घ्या. आज संध्याकाळीच निघा.

जयभीम!