डीव्हीडी बनत नाही म्हणून मूळ कॅसेट पुसू नका

कॅम्प, मोमीनपुरा किंवा कोंढव्यातल्या कुठल्याही जुन्या घरात टीव्हीखालचा कप्पा उघडून पाहा. निकाह, वलिमा, मंगनी, कुणाचा तरी अकीका. काही डीव्हीडी, काही काडेपेटीहून थोड्या मोठ्या मिनी डीव्ही कॅसेट. कोपऱ्यात धूळ खात पडलेला, विंडोज एक्सपी चालणारा कॉम्प्युटर. हा कॉम्प्युटर भंगारात द्यायचा, हे घरात जवळपास ठरलेलं असतं. कारण एकच सांगितलं जातं : 'यावर डीव्हीडी बनत नाही, राइटर गेलाय.'

माझं म्हणणं असं की बऱ्याच वेळा राइटर गेलेला नसतो. जागा संपलेली असते. आणि आपण नेमकी चुकीची वस्तू पुसून जागा करतो.

हिशेब साधा आहे. मिनी डीव्हीची एक तासाची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली की सुमारे १३ जीबी जागा खाते. तीन कॅसेटचं लग्न म्हणजे जवळपास ४० जीबी. त्या काळच्या ८० जीबीच्या डिस्कवर विंडोज जेमतेम ७४ जीबी दाखवतं. पुढे डीव्हीडी तयार करताना सॉफ्टवेअर आधी चित्रफीत दाबून लहान करतं, ती फाइल साठवतं, मग बऱ्याचदा त्या सगळ्याची आणखी एक प्रतिमा बनवतं आणि शेवटी डिस्कवर जाळतं. म्हणजे एका डीव्हीडीसाठी नऊ जीबी तरी मोकळी हवी. ही तात्पुरती फाइल सहसा सी ड्राइव्हवरच जाते. डी ड्राइव्ह रिकामा असला तरी काम ९० टक्क्यांवर अडतं आणि बिचाऱ्या राइटरला शिव्या बसतात. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तात्पुरत्या फाइलींची जागा डी वर नेली की निम्मे प्रश्न सुटतात.

दुसरी गंमत डिस्कच्या पाकिटावर छापलेली असते. ४.७ जीबी. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. त्यामुळे विंडोजच्या मापाने त्या डिस्कवर ४.३८ जीबीच मावतं. साडेचार जीबीची फाइल 'मावेल की' म्हणून टाकली तर ती मावणार नाही.

तिसरी अडचण फॅट ३२ ची. जुन्या डिस्क अनेकदा याच पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतात आणि त्यात ४ जीबीहून मोठी फाइल राहत नाही. कॅसेट उतरवताना एकोणीस-वीस मिनिटांनी काम थांबत असेल तर कॅसेटला दोष देऊ नका. एनटीएफएस करून घ्या. डेटा न पुसता ते करता येतं, पण आधी प्रत काढून ठेवलेली बरी.

जागा करायची तर कुठून? एक्सपीमध्ये रिसायकल बिन प्रत्येक ड्राइव्हचा १० टक्के भाग धरून बसू शकतो, सिस्टिम रिस्टोअर १२ टक्क्यांपर्यंत. आधी हे कमी करा. अर्धवट राहिलेल्या डीव्हीडीच्या तात्पुरत्या फाइली शोधून काढा.

जागा असूनही काम रखडत असेल, जाळताना कॉम्प्युटर गुदमरत असेल, तर ड्राइव्हचा डीएमए बंद होऊन तो पीआयओवर घसरलेला असतो. वाचताना चुका साठत गेल्या की एक्सपी हे स्वतःहून करतं, न सांगता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते आयडीई चॅनेल काढा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा, एवढंच. आमच्या शेजाऱ्यांना एका दुरुस्तीवाल्याने याच दुखण्यावर नवा कॉम्प्युटर घ्यायला सांगितलं होतं.

आता मुख्य गोष्ट. डीव्हीडी एकदाची बनली की लोक सुटकेचा श्वास टाकतात, कॉम्प्युटरवरची मोठी फाइल पुसतात आणि कॅसेटवर दुसरंच काही तरी रेकॉर्ड करतात. खरं तर डीव्हीडी ही दाबून लहान केलेली प्रत आहे, आणि घरी जाळलेली डिस्क ऊन, दमट हवा, वर चिकटवलेलं कागदी लेबल यांनी खराब होते. मूळ गेलं की मागे उरते ती सगळ्यात नाजूक प्रत.

मूळ आणि प्रत यांचा हा हिशेब पुण्याला नवा नाही. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. ज्यांची प्रत सुरक्षित फिल्मवर आधीच काढलेली होती, ते चित्रपट राहिले. १९३१ चा 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट, त्याची तर एकही प्रत आज कुणाकडे असल्याचं माहीत नाही. सिनेमासाठी निदान संग्रहालय तरी आहे. आपल्या दादीचा आवाज सांभाळायला कुठलंही सरकारी खातं येणार नाही.

त्या कॅसेटमध्ये फक्त शेरवानी आणि बिर्याणी नाही. हळदीच्या रात्री बायका गातात ती गाणी आहेत, अर्धी दखनी, अर्धी मराठी. कोकणातून आलेल्या घरांत कोकणी. ही गाणी छापलेली फारशी मिळत नाहीत. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून त्या आज ऐकता-वाचता येतात. आपल्या घरातल्या गाण्यांसाठी असं कुणी आलेलं नाही. लग्नाचा व्हिडिओवाला आला होता, तेवढंच.

म्हणून तो जुना कॉम्प्युटर अजून विकू नका. त्याला फायरवायरचं पोर्ट असेल तर विशेष, कारण मिनी डीव्ही कॅसेट त्यातूनच उतरते आणि आजच्या लॅपटॉपला ते नसतं, डीव्हीडी ड्राइव्हही नसतो. एक टीबीची बाहेरची डिस्क घ्या. तिच्यावर एक-एक तासाच्या सत्तरहून अधिक कॅसेट मूळ रूपात मावतात. तीच प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवा. डीव्हीडी हवीच असेल तर शेवटी, कमी वेगावर, चार पट पुरे, आणि जाळल्यावर व्हेरिफाय करून.

सोबत एक साधी टेक्स्ट फाइल असू द्या. कितव्या मिनिटाला कोण दिसतं, हिरव्या साडीतल्या खाला कुठल्या गावच्या, गाणं कुणी सुरू केलं. दोन केबीही लागत नाही तिला. अम्मीला शेजारी बसवून एकेक नाव विचारत लिहा, मराठीत किंवा उर्दूत, जसं येईल तसं.