नेदरलँड्समधलं जुनं घर: पगार चांगला असूनही का परवडत नाही?

हार्लेमजवळच्या हेमस्टेडेसारख्या झाडीच्या उपनगरात जुनं विटांचं घर विक्रीला निघालं की बोली अनेकदा जाहिरातीतल्या किमतीच्या वर जाते. खरी अडचण तिथेच सुरू होते.

२०१८ पासून तिथे साधारणपणे घराच्या मूल्यांकनाच्या १०० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. समजा, मूल्यांकन ८ लाख युरो आणि बोली साडेआठ लाख. वरचे ५० हजार खिशातून. शिवाय २ टक्के हस्तांतरण कर, म्हणजे १७ हजार. पस्तिशीच्या आतल्यांना पहिल्या घरावर करमाफी आहे, पण एवढ्या महागड्या घराला ती लागू होत नाही.

२०२२ पर्यंत आईवडील मुलांना घरासाठी १ लाख युरोहून अधिक रक्कम करमुक्त देऊ शकत. २०२४ पासून ती खास सवलत बंद झाली.

थोडक्यात, अशा घरांच्या शर्यतीत पगारदार नवखा मागे पडतो. आधीचं घर विकून रोकड हाती असलेला पुढे जातो.