पताल, भेदरं आणि तोमात्ल

गुढियारीच्या बाजारात भाजीवाली 'पताल' म्हणाली की इथल्या माणसाला कळतं, टोमॅटो. छत्तीसगढीतला शब्द, चिल्याबरोबरची पताल चटणी तुम्ही खाल्लीच असेल. तोच पताल नागपूर-भंडाऱ्याकडून इथे येऊन राहिलेल्या घरात शिरला की आजी त्याला 'भेदरं' म्हणतात, सूनबाई 'टमाटर' आणि नातवंडं 'टोमॅटो'. एका स्वयंपाकघरात चार नावं! त्यातली शेवटची दोन मूळची मेक्सिकोची.

अ‍ॅझ्टेक लोकांची भाषा नाहुआत्ल. तिच्यात 'तोमात्ल' हे फुगीर, रसदार फळांच्या अख्ख्या गटाचं नाव. आपला लाल टोमॅटो म्हणजे 'शितोमात्ल'. स्पॅनिश लोकांनी आखूड शब्द उचलला आणि तोच जगभर गेला. मेक्सिको शहरात मात्र आजही लाल टोमॅटो 'हितोमाते' आहे. तिथे नुसतं 'तोमाते' मागितलंत तर रसभरीसारख्या पापुद्र्यातलं आंबट हिरवं फळ हातात पडेल.

शेवटचा 'त्ल' हा नामांना लागणारा प्रत्यय. स्पॅनिश जिभेला तो जड गेला, त्याचा 'ते' झाला. अ‍ॅव्होकॅडोही तसाच, मूळ 'आवाकात्ल'. चॉकलेटचा अर्थ 'कडू पाणी' असा मोबाईलवर छातीठोकपणे फिरतो, त्यावर मात्र फार विसंबू नका. आलोन्सो दे मोलिना या पाद्र्याने 1571 साली छापलेल्या जाडजूड नाहुआत्ल कोशात तो शब्दच नाही. 'आत्ल' म्हणजे पाणी, एवढं पक्कं; कोकोच्या पेयाला ते लोक 'काकावात्ल' म्हणत.

मिरचीही तिकडचीच, पण तिला आपण काळ्या मिरीचं नाव देऊन घरातलीच करून टाकली. तिचं माहेरचं नाव 'चिल्ली' आपल्याकडे आलं ते फार उशिरा, ठेल्यावरच्या चिली पनीरमधून. (चिली देशाचा याच्याशी काही संबंध नाही.)

मला सगळ्यात आवडतो तो भुईमूग. हे पीक अमेरिका खंडातून आलं, नाव मात्र आपण आपलं घडवलं: भुईतला मूग. नाहुआत्लमध्ये त्याला म्हणत 'त्लालकाकावात्ल'. 'त्लाल' म्हणजे भुई, पुढचा शब्द कोकोचा; म्हणजे भुईतला कोको! त्यांच्या ओळखीचा दाणा कोको, आपल्या ओळखीचा मूग. दोघांनी एकमेकांना न विचारता शेंग मातीतून उपटली आणि नाव तसंच ठेवलं. पुढे स्पॅनिशमध्ये त्यातली भुई गळाली, नुसतं 'काकावाते' उरलं. आपली भुई अजून शाबूत आहे, निदान मुलं 'पीनट' म्हणत नाहीत तोवर.

ही भाषा मेलेली नाही, बरं का. मेक्सिकोच्या 2020च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे साडेसोळा लाख लोक नोंदले गेले. पण कितीतरी घरांत आजी नाहुआत्लमध्ये विचारते आणि नातू स्पॅनिशमध्ये उत्तर देतो. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. आजींचं 'भेदरं' नातवंडांना समजतं, पण बाजारात त्यांच्या तोंडून येतं का?

तुमच्या घरात टोमॅटोला आणखी काय म्हणतात? वेलवांगी, आणखी काही? शब्द आणि गाव, दोन्ही लिहून पाठवा. आजींना विचारून पाठवलंत तर फारच छान.