हातचा आणि बाकी

एप्रिल २०१८मध्ये इथेरियमवरच्या ब्यूटीचेन टोकनचा घात एका गुणाकाराने केला. घेणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाला द्यायची रक्कम, एवढेच त्या ओळीचे काम. हल्लेखोराने घेणारे दोन दाखवले आणि रक्कम दिली २ चा २५५वा घात. गुणाकार २५६ बिटांत मावेना, हातचा गळून पडला, उत्तर उरले शून्य. शून्य टोकन द्यायला शिल्लक कुणाकडेही असते. तपासणी पार पडली आणि दोन्ही खात्यांवर अफाट टोकन जमा झाले. त्याच फंक्शनमधली पुढची वजाबाकी आणि बेरीज सेफमॅथमधूनच केलेली होती. उघडा राहिला तो गुणाकार.

डिसेंबर २०२०मध्ये सॉलिडिटी ०.८.० आली. आता बेरीज, वजाबाकी, गुणाकार मर्यादेबाहेर गेले की व्यवहारच रद्द होतो. तेव्हापासून हा विषय मिटला असे आपल्यापैकी अनेक जण धरून चालतात, आणि मला काळजी वाटते ती याचीच. गॅस वाचवण्यासाठी लिहिलेल्या अनचेक्ड ब्लॉकमध्ये हा पहारा नसतो. डावीकडे बिट सरकवताना नसतो. २५६ बिटांची संख्या १२८ बिटांच्या प्रकारात बदलली, तर वरचे बिट कुठलीही तक्रार न होता कापले जातात.

मूव्ह भाषेतही बिट सरकवताना ओव्हरफ्लो पकडला जात नाही. म्हणून सुई साखळीवरच्या सीटसने वापरलेल्या गणिती लायब्ररीत त्यासाठी वेगळी तपासणी लिहिलेली होती. संख्या ६४ बिट डावीकडे सरकवायची, तर ती २ च्या १९२व्या घातापेक्षा लहान हवी. तपासणीत मर्यादा म्हणून बसला होता भलताच, कितीतरी मोठा स्थिरांक. मे २०२५मध्ये हल्लेखोराने त्या फटीतली संख्या शोधली, नाममात्र टोकन भरून प्रचंड तरलता आपल्या नावावर केली, आणि सुमारे २२ कोटी डॉलर गेले. तपासणी आहे एवढे पाहून पुढे सरकणाऱ्या प्रत्येक ऑडिटरने तो स्थिरांक कागदावर मांडून पाहावा.

हातचा निदान ठळकपणे हरवतो. बाकी गुपचूप जाते. इथे अपूर्णांक नसल्याने आपण १० च्या १८व्या घाताने गुणून काम चालवतो, आणि प्रत्येक भागाकारात काहीतरी खाली सांडते. आधी भागून मग गुणले तर जास्तच. पण चार कण सांडले यापेक्षा ते कुणाच्या पदरात पडले, हे महत्त्वाचे. नोव्हेंबर २०२५मध्ये बॅलन्सरच्या दुसऱ्या आवृत्तीतील काही पूलमध्ये, बाहेर जाणारी रक्कम समान प्रमाणात आणताना उत्तर खाली तोडले जात होते, आणि त्यावरून काढलेली, पूलने घ्यायची रक्कम कमी भरत होती. शिल्लक अगदी तुटपुंजी करून एकाच व्यवहारात अनेक अदलाबदली रचल्यावर त्या कणांतून दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाहेर गेली.

देताना खाली तोडा, घेताना वर चढवा, म्हणजे बाकी पूलकडे राहते. हा नियम आपल्याला ठाऊक आहे. कोडमध्ये तो ओळीगणिक लिहिलेला मात्र क्वचित दिसतो. म्हणून पुढील अंकापासून या मासिकात छापल्या जाणाऱ्या कोडमध्ये प्रत्येक भागाकाराशेजारी बाकी कुणाची, हे टिपणात असेल. नसेल तर तो लेख आम्ही लेखकाकडे परत पाठवू.